एकदा दाबून माणूस थांबत नाही

"‘तो’ म्हणजे कोण?" आईंनी विचारलं.

मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसले होते. शनिवारची सकाळ होती. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, निवडलेल्या मेथीची चाळणी हातात घेऊन माझ्या खांद्यामागे कधी येऊन उभ्या राहिल्या मला कळलंही नव्हतं.

"कोण तो?"

"अगं, तूच लिहिलंयस. ‘फोनवर इशारा आला की बटण दाबल्यावर तो बंद झाला पाहिजे.’ काय बंद व्हायला पाहिजे? इशारा की फोन?"

मी स्क्रीनकडे पाहिलं. सकाळपासून ॲप तपासायचं ऑफिसचं ते नवं साधन प्रत्येक वेळी अख्खा फोनच बंद करून टाकत होतं आणि मी त्याच्या नावानं बोटं मोडत होते.

"सरक जरा," आई म्हणाल्या. चाळणी टेबलावर ठेवली, ओले हात पदराला पुसले आणि एकेका बोटानं टाइप केलं. ‘इशारा आला की "समजलं" हे बटण दाब. इशारा नाहीसा झाला पाहिजे. फोन चालू राहिला पाहिजे.’

साधनानं वाक्यं वाचली, ॲप उघडलं, बटण दाबलं. हिरवी खूण आली.

"वाक्याला एकच अर्थ असावा," असं म्हणून त्या चाळणी घेऊन आत निघून गेल्या.

मी तशीच बसून राहिले. हिरव्या खुणेपेक्षा मला नवल वाटलं ते त्यांच्या बोलण्याचं. कित्येक महिन्यांत त्या माझ्याशी एवढं बोलल्या नव्हत्या.

अण्णा, माझे सासरे, आदल्या वर्षीच्या हिवाळ्यात मनमाडला गेले. रेल्वेच्या नोकरीतून निवृत्त झालेला धडधाकट माणूस. सकाळी अंगणातल्या झाडांना पाणी घातलं, घरात आले, खुर्चीवर बसले आणि गेले. "क्षणात गेले, त्यांना काही कळलंसुद्धा नाही," असं आईंनी सगळ्यांना सांगितलं. तुषारनं, माझ्या नवऱ्यानं, ते वाक्य जपून ठेवलं होतं. अण्णांचा विषय निघाला की तो शेवटी म्हणायचाच, "त्रास झाला नाही त्यांना, एवढं एक बरं." तो असं म्हणाला की आई उठून आत जायच्या. आम्हाला वाटायचं, आठवण सहन होत नाही.

दिवसकार्य झाल्यावर तुषार त्यांना नाशिकला आमच्याकडे घेऊन आला. मनमाडच्या शाळेत ज्या बाईंनी जन्मभर मराठी शिकवलं, ज्यांच्या आवाजाला वरच्या मजल्यावरचा वर्गही गप्प व्हायचा, त्या आमच्या घरात "हो", "नको" आणि "जेवून घ्या" एवढ्यावर आल्या. टीव्ही लावायच्या आणि आवाज बंद ठेवायच्या.

म्हणून सोमवारी ऑफिसात तांबोळी सरांना मी ही गंमत सांगितली तेव्हा मला खरं तर त्या साधनाबद्दल बोलायचंच नव्हतं. आई बोलल्या, हे कोणाला तरी सांगायचं होतं.

तांबोळी सर आमच्या कंपनीचे मालक. कंपनी म्हणजे गंगापूर रोडवरच्या एका इमारतीत, बेकरीच्या वरच्या मजल्यावर बसणारी बारा-पंधरा माणसं. मोबाइलची ॲप बनवायची आणि ती लोकांच्या हातात जाण्याआधी नीट चालतात का ते तपासायचं. तपासणी माझ्याकडे. पूर्वी प्रत्येक तपासणीसाठी कोड लिहावा लागे. त्या वर्षी सरांनी कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारं नवं साधन घेतलं होतं. कोड नाही, काही नाही. माणसाला सांगावं तसं साध्या मराठीत सांगायचं, हे उघड, ते दाब, असं झालं पाहिजे. मग ते स्वतःच ॲप चालवून बघायचं आणि सगळं ठरल्याप्रमाणे झालं तर हिरवं, नाही तर लाल. सरळ मराठी लिहिणं हे कोड लिहिण्याहून अवघड असतं, एवढं मात्र विकणाऱ्यानं आम्हाला सांगितलं नव्हतं. आम्ही सगळे इंजिनिअर. आमच्या वाक्यात कर्ता कुठे आणि क्रियापद कुठे, आमचं आम्हालाच कळत नसे.

"घेऊन या की त्यांना," सर म्हणाले.

"कोणाला?"

"तुमच्या सासूबाईंना. मी विनोद करत नाहीये, वृषाली. रोज दोन-तीन तास बसल्या तरी चालेल. रीतसर मानधन देऊ."

मला वाटलं, आई नाहीच म्हणतील. त्यांनी पोळी लाटता लाटता ऐकून घेतलं आणि विचारलं, "तिथे बसायला खुर्ची कशी आहे? माझी कंबर धरते."

*

आई ऑफिसात आल्या आणि पहिल्याच आठवड्यात सगळे त्यांना "बाई" म्हणायला लागले. सरसुद्धा. त्या माझ्या शेजारच्या टेबलावर बसायच्या, चष्मा नाकावर, समोर पाण्याचा तांब्या. आमची जुनी वाक्यं वाचायच्या आणि मध्येच कोणाला तरी हाक मारायच्या, "गार्गी, ‘नंतर’ म्हणजे कशानंतर? लगेच नंतर की उद्या?"

गार्गी पगारे आमच्याकडे ॲपचे पडदे, म्हणजे स्क्रीन, तयार करायची. हुशार पोरगी, जीभ तिखट. तिचं आणि आईंचं चांगलं जमलं. "बाई, तुमच्यामुळे मी घरीसुद्धा पूर्ण वाक्यात बोलायला लागलेय, आई घाबरलीय माझी," असं ती एकदा म्हणाली आणि आई हसल्या. खळखळून. मी संध्याकाळी ऑफिसातूनच तुषारला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "खरंच हसली?"

घरी टीव्हीला आवाज आला. भाजीत मीठ जास्त झालं तर तसं सांगणं सुरू झालं. मला वाटलं, झालं, आता सगळं ठीक होईल.

त्याच सुमाराला आमच्याकडे ‘हाक’ आलं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठीचं ॲप. पडद्यावर एकच मोठं लाल बटण. ते दाबलं की जवळच्या ॲम्ब्युलन्सला आणि घरच्या माणसांना एकदम खबर जाणार. ज्येष्ठ नागरिकांच्या एका मोठ्या संस्थेनं ते बनवून घेतलं होतं आणि चाचणी म्हणून काही घरांत ते चालूही होतं. आता जिल्हाभर सुरू व्हायचं होतं. आमच्या छोट्या कंपनीला एवढं मोठं काम पहिल्यांदाच मिळालं होतं. ते नीट पार पडलं तर पुढचीही कामं येणार होती. सर त्या दिवसांत जेवायलाही विसरायचे.

‘हाक’ची तपासणी लिहायचं काम आईंकडे जाणं साहजिक होतं. म्हाताऱ्या माणसांचं ॲप, त्या ते चटकन समजून घेतील असं मला वाटलं. मी त्यांना चाचणीचा फोन दिला. त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि बराच वेळ त्या लाल बटणाकडे बघत बसल्या.

"दाबा ना, काही होत नाही. खोटीच ॲम्ब्युलन्स आहे ही," मी म्हटलं.

त्यांनी दाबलं नाही. "लिहिते मी," एवढंच म्हणाल्या.

दोन दिवसांनी सगळ्या तपासण्या चालवल्या तर पडदाभर हिरव्या खुणा आणि मधोमध एक लाल. वाक्य आईंचं होतं. ‘लाल बटण लागोपाठ अनेकदा दाब. ॲम्ब्युलन्सची मागणी कायम राहिली पाहिजे.’

गार्गीनं ते वाचलं. "बाई, ही चूक नाहीये. आपण ठरवूनच असं केलंय. पहिल्यांदा दाबलं की मागणी जाते आणि त्याच जागी ‘रद्द करा’ येतं. दुसऱ्यांदा दाबलं की रद्द. तिसऱ्यांदा दाबलं की पुन्हा मागणी."

"आणि चौथ्यांदा?"

"पुन्हा रद्द. पण चौथ्यांदा कोण कशाला दाबेल?"

गार्गीनं ती तपासणी काढून टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा तिथे होती, शब्द थोडे बदलून. ‘वापरणाऱ्याचा हात कापतो आहे. तो लाल बटण पुन्हापुन्हा दाबतो. ॲम्ब्युलन्स आली पाहिजे.’ पुन्हा लाल. गार्गीनं पुन्हा काढली. त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा.

तेव्हा सरांनी मला आत बोलावलं. "वृषाली, काय चाललंय हे? गुरुवारी संस्थेची माणसं बघायला येणारेत. त्यांना मी लाल खूण दाखवू? बाईंना समजवा तुम्ही."

मी दुपारी डबा खाताना आईंना म्हटलं, "आई, कसं चालायला हवं ते आपण नाही ठरवायचं. ते ठरलंय. ठरल्याप्रमाणे चालतंय का, एवढंच आपण बघायचं."

"ठरवणाऱ्यानं चुकीचं ठरवलं असेल तर?"

"तर ते सर बघतील."

"एकदा दाबून माणूस थांबत नाही, वृषाली."

"कशावरून?"

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. अर्धी पोळी तशीच होती. "मला बोलायचंय त्यांच्याशी," त्या म्हणाल्या. "तूही चल."

*

सरांच्या खोलीत आम्ही चौघं बसलो. सर, गार्गी, आई आणि मी. खाली बेकरीत पावांचा घाणा निघाला होता, त्याचा वास खिडकीतून येत होता.

सर वैतागलेले होते, पण आईंशी अदबीनंच बोलत होते. "बाई, मी सांगतो हे असं का आहे. चाचणीला आपण ज्या घरांत ॲप दिलं होतं ना, तिथे नातवंडं बटण दाबायची. आजोबा खिशात फोन ठेवून बसले की बटण दाबलं जायचं. ॲम्ब्युलन्स दारात, आणि घरात कोणाला पत्ताच नाही. एकदा अशीच गाडी उगाच गेली आणि तेवढ्यात खरोखर अडलेल्या एका बाईला थांबावं लागलं. म्हणून ॲम्ब्युलन्सवाले म्हणाले, रद्द करणं सोपं ठेवा. एका बोटात, त्याच जागी. ते काही वेडे नाहीत, बाई. मीही नाही."

"नाही, तुमचं खरं आहे," आई म्हणाल्या. मला वाटलं, विषय संपला.

"पण तुम्ही जे सांगितलंत ते घरात सगळं ठीक असताना दाबलेलं बटण आहे," त्या पुढे म्हणाल्या. "ठीक नसतं तेव्हा कसं दाबतात, ते मी सांगते."

त्यांनी चाचणीचा फोन हातात घेतला. डावा हात मांडीवर ठेवला, तळवा वर, जणू त्या हातात काही जड आहे. आणि उजव्या अंगठ्यानं त्या दाबायला लागल्या. एकदा, पुन्हा, पुन्हा, पुन्हा. फोनकडे त्या बघतही नव्हत्या, समोर भिंतीकडे बघत होत्या. पडद्यावर ‘गाडी निघाली’, ‘रद्द झाली’, ‘गाडी निघाली’, ‘रद्द झाली’ असं येत-जात राहिलं. मग त्या थांबल्या आणि फोन टेबलावर उपडा ठेवला.

"असं," त्या म्हणाल्या. "या हातात यांचं डोकं होतं. चष्मा ओट्यावर राहिला होता. पडद्यावर काय लिहून येतंय ते मला दिसत नव्हतं. लाल काहीतरी दिसत होतं, ते मी दाबत राहिले. मग टुणकन आवाज आला. मला वाटलं, गेली मागणी. मी यांना म्हटलं, येतेय हं गाडी. आणि वाट बघत बसले."

त्यांनी फोन बोटानं बाजूला सारला.

"खूप वेळानं उठून चष्मा घेतला. तेव्हा वाचलं. रद्द झाली म्हणून लिहिलं होतं."

क्षणात गेले, असं आईंनी सांगितलं होतं. मनमाडला जमलेल्या सगळ्यांना, तुषारला, मला.

गार्गीचे डोळे भरून आले होते. तिनं विचारलं, "बाई, हेच ॲप?"

"नाही ग. दुसरंच कुठलंतरी, नुसती ॲम्ब्युलन्स बोलावणारं. पण बटण असंच."

सरांनी विचारलं, "तुम्ही त्यांच्याकडे तक्रार नाही केलीत?"

"केली असती तर तुषारला कळलं असतं," आई म्हणाल्या. "ते ॲप त्यानंच माझ्या फोनवर घालून दिलं होतं. दिवाळीला आला तेव्हा शेजारी बसवून शिकवलं होतं मला. आई, काही झालं तर फक्त हे दाबायचं, बाकी काही लक्षात ठेवायची गरज नाही. आता त्याला काय सांगू, की तुझ्या बटणानं गाडी आली नाही?"

मी त्यांच्याकडे बघत होते. रडत नव्हत्या त्या. वर्गात एखादा कठीण धडा समजावून झाल्यावर बाई मुलांकडे बघतात, तशा त्या सरांकडे बघत होत्या. कळलं का, अशा.

"गार्गी," सर म्हणाले, "रद्द करायचं बटण दुसरीकडे न्यायला किती वेळ लागेल?"

"नुसतं दुसरीकडे नको," गार्गी डोळे पुसत म्हणाली. "लाल बटण कितीही वेळा दाबलं तरी मागणी एकदाच जाईल. रद्द करायचं असेल तर वरच्या कोपऱ्यात, थोडा वेळ दाबून धरायचं. आणि गाडी निघाली की फोननं मोठ्यानं बोलून सांगायचं, म्हणजे चष्म्याची गरज नको. पण सर, गुरुवारपर्यंत होणार नाही."

"गुरुवारचं मी बघतो."

त्यांनी संस्थेला मुदत मागितली. ती सहजासहजी मिळाली नाही. दोन दिवस फोनाफोनी, एकदा चढलेला आवाज बंद दारातून आम्हालाही ऐकू आला. ॲम्ब्युलन्सवाल्यांनी आधी हरकत घेतली. मग गार्गी त्यांच्या माणसांसमोर बसली आणि तिनं त्यांनाच डोळे मिटून बटण दाबायला लावलं. शेवटी काम हातचं गेलं नाही, पण संस्थेनं सुरुवातीला जिल्हाभर न देता दोनच तालुक्यांत दिलं. ज्या मोठ्या उडीची सरांना आशा होती ती त्या वर्षी काही घेता आली नाही. त्यांनी आईंना ते कधी जाणवू दिलं नाही.

*

सरांच्या खोलीत ते बोलणं झालं त्या दुपारी मी स्कूटरवरून आईंना घरी नेत होते. कॉलेज रोडच्या सिग्नलला थांबलो तेव्हा त्या मागून म्हणाल्या, "तुषारला सांगायचं नाही हं."

"आई, पण..."

"नाही म्हणजे नाही. त्याला जन्मभर पुरेल ते. मी आहे ना, मला पुरे आहे."

सिग्नल सुटला. मी स्कूटर पुढे काढली, आणि त्यांनी तोच होकार म्हणून धरला.

पुढचे काही महिने मला फार जड गेले. आई आता हसत-बोलत होत्या, ऑफिसला येत होत्या, कोणाच्याही ध्यानात येऊ नये असं वागत होत्या. पण तुषार अण्णांच्या आठवणीनं हळवा होऊन "त्रास झाला नाही त्यांना, एवढं एक बरं" असं म्हणाला की आता मीही उठून आत जायला लागले. ओट्यापाशी आम्ही दोघी एकमेकींकडे न बघता उभ्या राहायचो. एकदा तुषारनं विचारलंसुद्धा, "तुम्हा दोघींचं काही बिनसलंय का?"

‘हाक’ सुरू झालं. लोक वापरायला लागले. एका रविवारी सकाळी तुषार पेपर वाचून उठला आणि म्हणाला, "आई, तुझा फोन आण. तुम्ही बनवलेलं ॲप लोकांच्या फोनवर आहे आणि तुझ्याच फोनवर नाही, हे काही बरोबर नाही."

"मला कशाला?" आई म्हणाल्या. "तुम्ही दोघं आहात की घरात."

"आम्ही दिवसभर घरात असतो का? आण तू."

त्यानं ॲप घातलं. खुर्ची ओढून तो त्यांच्या शेजारी बसला. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते, दार उघडं होतं. "हे बघ," तो समजावत होता, "काही वाटलं तर फक्त हे दाबायचं. बाकी काही लक्षात ठेवायची गरज नाही." आईंचे हात मांडीवर होते. त्या फोनकडे नाही, त्याच्या तोंडाकडे बघत होत्या.

"मागचं जे घालून दिलं होतं ना मी, त्यापेक्षा हे सोपंय," तो म्हणाला. "त्याची वेळच आली नाही म्हणा."

"आली होती," आई म्हणाल्या.

मी हातातली उशीची खोळ घेऊन दारापाशी आले.

"काय?"

"वेळ आली होती. मी दाबलं होतं. लागोपाठ दाबलं म्हणून मागणी रद्द झाली. मला ते कळलं नाही." एकेक वाक्य त्या थांबून, सावकाश बोलत होत्या. "हे क्षणात गेले नाहीत, तुषार. अर्धा तास होते. मी खोटं सांगितलं."

तुषारच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेलेला मला दारातून दिसत होता. तो उठला, माझ्या बाजूनं गॅलरीत आला आणि कठड्याला धरून खाली बघत उभा राहिला. मी त्याच्याकडे निघाले, तर आईंनी आतूनच मान हलवली. राहू दे.

खाली कोणीतरी गाडी धूत होतं. नळीच्या पाण्याचा आवाज येत होता. तो न वळता म्हणाला, "तुला माहीत होतं?"

"काही महिन्यांपासून," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली. रागावला का, ते मला कळेना. मग तो आत गेला आणि आईंच्या समोर, खुर्चीवर नाही, खाली फरशीवर बसला.

"शुद्धीवर होते?"

"होते."

"दुखत होतं?"

"छातीत दडपल्यासारखं होतंय म्हणाले. फार नाही, म्हणाले. पण ते कधी फार म्हणायचे?"

"मला फोन का नाही केलास, आई? निदान मला..."

"यांनी करू दिला नाही," आई म्हणाल्या. आतापर्यंत नीट चाललेला त्यांचा आवाज इथे हलला. हे त्यांनी सरांच्या खोलीत सांगितलं नव्हतं, मलाही सांगितलं नव्हतं. "मी म्हटलं, तुषारला लावते. तर म्हणाले, आत्ता नको. आत्ता सांगितलंस तर तो गाडी पळवत येईल. चांदवडनंतर ट्रक असतात फार. दवाखान्यात पोहोचलो की सांग त्याला. आणि सावकाश ये म्हणावं. मी काही पळून जात नाही."

तुषारनं ओंजळीत तोंड झाकलं.

अण्णा गेले त्या दिवशी मी गाडीत त्याच्या शेजारी होते. मनमाडला शेजारी राहणाऱ्या सोनवणे काकांचा फोन आल्यावर आम्ही निघालो होतो. अण्णा गेल्याचं कळलेलं होतं, घाई करून काही उपयोग नव्हता, तरी तुषारनं ती गाडी अशी काही हाकली होती की चांदवड मागे पडल्यावर मी डोळेच मिटून घेतले होते. एका ट्रकच्या हॉर्नचा आवाज अजून माझ्या कानात आहे.

"मी पळवलीच होती," तुषार ओंजळीआडून म्हणाला.

"माहीत आहे. नाशिकहून निघून इतक्यात कोणी पोहोचतं का? दारात उतरलास तेव्हाच मला यांचं बोलणं आठवलं. पण सांगू कसं? निरोप सांगितला असता तर विचारलं असतंस, कधी म्हणाले? म्हणून राहिलं ते."

आईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तो तसाच बसून होता. खांदे हलत होते. मला वाटलं, आता मोठ्यानं रडेल. पण त्यानं तोंडावरून हात काढले तेव्हा तो रडता रडता थोडासा हसतही होता. अण्णांचं बोलणं, अगदी त्यांच्या स्वरात, त्याच्या कानापर्यंत पोहोचलं असावं.

"पळून जात नाही म्हणाले?"

"हो. असंच."

"आणि अजून? अजून काय बोलले?"

आईंनी पदरानं चेहरा पुसला आणि खुर्चीत नीट बसल्या. "बरंच बोलले," त्या म्हणाल्या. "अर्धा तास होता ना. गाडी येतेय असंच वाटत होतं आम्हाला, दोघांनाही. घाबरलो नव्हतो आम्ही. आधी म्हणाले, नळ चालू राहिलाय अंगणातला..."

मी चहा ठेवायला आत गेले. आधण उकळून गेलं तरी मी चहाची भुकटी टाकली नाही. बाहेर तुषार विचारत होता आणि आई त्याला सांगत होत्या.